चिनी मातीची जुनी भांडी : ऑनलाइन लिलावात अस्सल-नक्कल कशी ओळखावी?

जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांपैकी अनेकजण आता घरबसल्या परदेशातील लिलावांत बोली लावू लागले आहेत. या लिलावांत चिनी मातीच्या जुन्या भांड्यांना नेहमीच गिऱ्हाईक असते. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात घरगुती सामानाच्या विक्रीत ३५ डॉलरला घेतलेला एक लहान वाडगा मार्च २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या सोदबीज लिलावात ७ लाख २१ हजार ८०० डॉलरला गेला. तो पंधराव्या शतकातील, मिंग घराण्याच्या काळातील ठरला होता. अशा बातम्यांनी पुष्कळांच्या तोंडाला पाणी सुटते. मात्र जाणकारांनी तो वाडगा हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिला होता, हे बातमी वाचणारा विसरतो. ऑनलाइन लिलावात आपल्या हाती छायाचित्राखेरीज काही नसते. तेव्हा छायाचित्रात काय पाहावे आणि जे दाखविलेले नाही ते कसे मागून घ्यावे, हे व्यापाऱ्याला ठाऊक असणे आवश्यक आहे.

प्रथम शिक्क्याविषयी, कारण बहुतेक फसवणूक तेथूनच सुरू होते. जिआंगशी प्रांतातील जिंगदेझेन हे शहर शेकडो वर्षांपासून या मालाचे माहेरघर आहे. तेथील बादशाही भट्ट्यांतील भांड्यांच्या बुडावर बहुधा सहा अक्षरे लिहिलेली असतात. पहिली दोन घराण्याची, मधली दोन बादशहाच्या कारकिर्दीची, आणि शेवटच्या दोहोंचा अर्थ ‘काळात बनविलेले’ असा होतो. नवखे गिऱ्हाईक ही अक्षरे पाहून भुलते. वास्तविक शिक्का हा काळाचा पुरावा नव्हेच. कांगशी बादशहाच्या काळातील (१६६२ ते १७२२) कारागीर दोनशे वर्षांपूर्वीच्या श्वानदे व चंगहुआ यांची नावे आपल्या मालावर घालीत. पूर्वसूरींविषयी आदर म्हणूनही ही प्रथा होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खुद्द कांगशीचे नाव घातलेला भरपूर माल निघाला. आज तर वाटेल त्या बादशहाचा शिक्का घातलेले नवे भांडे बाजारात मिळते. म्हणूनच मोठ्या लिलावगृहांच्या यादीत शब्द मोजून वापरलेले असतात. ‘शिक्का व काळ कांगशीचा’ असे लिहिले असेल तर लिलावगृह काळाची जबाबदारी घेते. नुसते ‘कांगशी शिक्का’ किंवा ‘कांगशी शैली’ असे लिहिले असेल तर काहीच घेत नाही. या दोन-तीन शब्दांत लाखोंचा फरक असतो. बुडावर रोमन लिपीत ‘चायना’ लिहिलेले असेल तर प्रश्नच मिटला. आयात मालावर देशाचे नाव हवे, हा अमेरिकेचा कायदा १८९१ पासून अमलात आला आणि त्यानंतर अशी अक्षरे मालावर सर्रास दिसू लागली.

खरी परीक्षा बुडाशी होते. भांडे भट्टीत ज्या कडेवर उभे राहते तेथे झिलई नसते व आतली माती उघडी दिसते. विक्रेत्याकडून या कडेचे जवळून, उजेडात घेतलेले छायाचित्र मागावे. तो टाळाटाळ करू लागला तर सौदा सोडावा. जुन्या पुष्कळ भांड्यांत झिलई संपते तेथे मातीतील लोहामुळे नारिंगी-तपकिरी रेघ उमटलेली असते. ती कमीजास्त रुंदीची, मातीतून आल्यासारखी दिसते. नकलकार हीच रेघ रंगाने ओढतो, ती एकसारखी व वर बसल्यासारखी दिसते. झिजेचेही तसेच आहे. वर्षानुवर्षे वापरलेल्या भांड्यावर ओरखडे वेगवेगळ्या दिशांना आणि जेथे हात किंवा फडताळ लागते तेथेच असतात. सॅंडपेपरने केलेली झीज समांतर असते आणि जेथे कोणी कधी हात लावणार नाही अशा कोपऱ्यातही आढळते. तेजाब लावून झिलईची चमक मारणे, चहाच्या पाण्यात घालून डाग पाडणे, हे प्रकार आपल्याकडील जुन्या वस्तूंच्या बाजारातही नवीन नाहीत! नजर तयार करायची तर अस्सल माल वारंवार पाहण्यास पर्याय नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमविलेली चिनी भांडी आहेत, हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही आहेत. चार तास तेथे घालविणे हे दहा पुस्तकांपेक्षा उपयोगी पडते.

रंगावरूनही काही गोष्टी निश्चित सांगता येतात. सोन्यापासून तयार होणारा गुलाबी मिना चीनमध्ये १७२० च्या सुमारास वापरात आला. मिंग घराणे १६४४ मध्येच सत्तेवरून गेले होते. तेव्हा मिंगच्या नावाने विकल्या जाणाऱ्या भांड्यावर हा गुलाबी रंग दिसला तर पुढे भिंग लावण्याची गरज नाही. भिंगाखाली चित्राचे बारीक बारीक ठिपके दिसले तर ते छापील आहे, हाताने काढलेले नव्हे.

आता ज्या मालात आपल्या समाजातील गिऱ्हाइकाला विशेष रस असतो त्याविषयी, म्हणजे अरबी-फारसी मजकुराच्या भांड्यांविषयी. झेंगदे बादशहाच्या काळात (१५०६ ते १५२१) निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर अरबी व फारसी मजकूर घालण्यात आला. निळाईसाठी लागणारे कोबाल्ट चीनला पूर्वी इराणकडून येत असे आणि चिनी लोक एका जातीच्या निळाईला ‘मुसलमानी निळा’ म्हणत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये या काळातील पाच शिखरांच्या डोंगरासारखे एक लेखणी ठेवण्याचे साधन आहे, त्यावर फारसीत ‘खामादान’ म्हणजे लेखणीदान असेच लिहिले आहे. अशा वस्तूंच्या नकला लिलावांत येतात आणि धार्मिक भावनेने जास्त किंमत मोजली जाते. येथे आपल्याला एक सोय आहे, आपल्यापैकी अनेकांना हा मजकूर वाचता येतो. मात्र अक्षर वाईट म्हणून वस्तू खोटी, असे समजू नये. चिनी चित्रकाराला अरबी येत नव्हते, तो नमुना पाहून उतरवीत असे, त्यामुळे अस्सल वस्तूवरही अक्षरे अवघडलेली असतात. उलट आजच्या छापील किताबातल्यासारखी घोटीव अक्षरे दिसली तर शंका घ्यावी. मजकूर व वस्तू यांचा मेळ बसतो का तेही पाहावे. फुलदाणीवर ‘खामादान’ कशाला असेल? हिजरी सन लिहिलेला असेल तर तो इसवी सनात बदलून शिक्क्याशी ताडून पाहावा. इराणच्या जिल्ले-सुलतान या शहजाद्यासाठी कँटनमध्ये बनलेल्या भांड्यांवर १२९७ हिजरी असे आहे, म्हणजे १८७९-८०. असा सन आणि छियानलोंग बादशहाचा (१७३६ ते १७९५) शिक्का एकाच भांड्यावर आला तर निदान शिक्का तरी त्या काळातील नाही.

विक्रेत्याचीही पारख हवी. १९११ पूर्वीच्या सांस्कृतिक वस्तू देशाबाहेर नेण्यास चीनने २००७ च्या नियमांनी बंदी केली आहे. चीनमधून थेट टपालाने ‘मिंग’ फुलदाणी पाठविणारा एकतर नक्कल विकतो किंवा कायदा मोडतो. ज्याच्याकडे एकाच वेळी चाळीस ‘बादशाही’ भांडी आहेत, त्याच्या आजोबांच्या पेटीची कहाणी ऐकण्यात वेळ घालवू नये. प्रयोगशाळेत मातीचा कण तपासून भांडे केव्हा भाजले ते सांगणारी चाचणी आहे. परंतु जुने बूड नव्या धडाला जोडलेले असेल आणि कण बुडाचा घेतला असेल तर तीही फसते.

लिलाव मुळात जायज आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका गरजू अन्सारी सहाबींचे अंथरूण व प्याला बोली पुकारून विकल्याचे हजरत अनस (रजि.) यांच्या कथनात येते. किंमत चढविण्यासाठी आपल्याच माणसाकडून खोटी बोली लावणे मात्र ‘नजश’ होय व त्यास मनाई आहे. हनफी फिकहनुसार न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर परत करण्याचा हक्क खरेदीदाराला असतो, त्यास ‘खियारे रूयत’ म्हणतात. कोकणातील शाफई बांधवांच्या मजहबात न पाहिलेल्या नेमक्या वस्तूचा सौदा प्रमुख मतानुसार दुरुस्तच नाही. त्यांनी आपल्या उलेमांना विचारून मगच बोली लावावी. व्यवहारात सर्वांनीच परतीची लेखी अट असलेल्या लिलावातच पैसे गुंतवावेत आणि पार्सल उघडतानाचे चित्रीकरण जपून ठेवावे.

नक्कल हाती आली तर ती ‘नक्कल’ म्हणूनच विकावी; सजावटीचा माल म्हणून तिलाही गिऱ्हाईक मिळते. मुंबईतील जुन्या पारशी घरांतून एकोणिसाव्या शतकातील कँटनचा अस्सल मालही कधीकधी बाहेर पडतो. तो मिळाल्यास परदेशी लिलावात मांडण्याची घाई करू नये. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वा अधिक वर्षांची कलावस्तू, मग ती कोठेही घडलेली असो, खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही. वस्तू त्याहून नवी असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घेऊन मगच ती पाठवावी.