'रियुनियन' म्हणजे भेट की एक होणे?

'रियुनियन' हा इंग्रजी शब्द आता मराठी घरांत पुष्कळ ऐकू येतो. मुंबईच्या शाळेतील जुने वर्गमित्र जमले की ते रियुनियन. एखाद्या लग्नासाठी लंडनहून, ठाण्याहून आणि बेर शेव्हाहून भावंडे एकत्र आली की ते फॅमिली रियुनियन. तरुणांच्या तोंडी हा शब्द सहज येतो. घरातील आजी त्याच प्रसंगाला 'सगळ्यांची भेट झाली' एवढेच म्हणते. दोघांना सांगायचे आहे ते एकच, असे वरवर वाटते. पण शब्द उघडून पाहिले तर त्यांत बरेच अंतर आहे. ज्या समाजातील घरे कोकण, मुंबई आणि इस्राएल यांत वाटली गेली आहेत, त्याने हे अंतर समजून घ्यावे असे आहे.

प्रथम शब्दाची फोड पाहू. 'रि' म्हणजे पुन्हा आणि 'युनियन' म्हणजे एक होणे. गिरणी कामगारांच्या युनियनमुळे हा दुसरा भाग मराठीला फार पूर्वीपासून ओळखीचा आहे. त्याच्या मुळाशी लॅटिन भाषेतील 'उनुस', म्हणजे 'एक', हा शब्द आहे. तेव्हा रियुनियनचा अक्षरशः अर्थ 'पुन्हा एक होणे'. भेटणे, पाहणे, बोलणे यांपैकी काहीही त्या शब्दात मुळात नाही.

फ्रेंच भाषेत हा शब्द सोळाव्या शतकात दिसतो आणि इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीस. त्या काळी जेवणाच्या मेजाभोवती जमलेल्या माणसांसाठी तो फारसा वापरीत नसत. फुटलेले पंथ, दुभंगलेली राज्ये, तुटलेले भाग पुन्हा जोडण्याची गोष्ट असली की हा शब्द येई. म्हणजे तो सत्तेच्या आणि धर्मकारणाच्या दालनात वाढलेला शब्द आहे.

त्याचा सर्वांत धूर्त वापर फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने केला. 1679 च्या सुमारास त्याने मेत्झ, ब्राइझाख, बेझाँसाँ अशा सीमेवरच्या शहरांत खास न्यायासने बसवली. त्यांना 'रियुनियनची न्यायासने' म्हणत. जुने दस्तऐवज उकरून काढायचे, शेजारचा एखादा गाव कोणे एके काळी आपल्या मुलुखाशी जोडलेला होता असा निवाडा द्यायचा, आणि मग तो ताब्यात घ्यायचा, हे त्यांचे काम. 1681 मध्ये त्याच धोरणाच्या जोरावर स्ट्रासबुर्ग हे मोठे शहर लुईने सैन्य पाठवून घेतले. 1697 च्या तहात त्याला बराच मुलूख परत करावा लागला, स्ट्रासबुर्ग मात्र त्याच्याकडेच राहिले. शेजाऱ्याचे घर बळकावून 'आमचे पुनर्मीलन झाले' म्हणण्यासारखाच हा प्रकार होता. 'पुन्हा एक' म्हणणारा कोण आहे आणि त्याने दुसऱ्याला विचारले आहे का, हा प्रश्न या शब्दाला तेव्हापासून चिकटलेला आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीत हाच शब्द नकाशावर गेला. मॉरिशसपासून सुमारे 200 किलोमीटरवर बूर्बाँ नावाचे एक बेट होते. बूर्बाँ हे राजघराण्याचे नाव. राजेशाही कोसळल्यावर ते नको झाले, आणि 1793 मध्ये बेटाचे नाव 'रेयुनियाँ' असे ठेवण्यात आले. 10 ऑगस्ट 1792 रोजी मार्सेयहून आलेले क्रांतिकारक आणि पॅरिसचे राष्ट्रीय रक्षकदल एकत्र आले, त्याची ही आठवण, असे सर्वसाधारणपणे सांगतात. पुढे नेपोलियनच्या काळात ते 'बोनापार्त बेट' झाले, 1810 मध्ये इंग्रजांनी जिंकल्यावर पुन्हा बूर्बाँ झाले, आणि 1848 मध्ये परत रेयुनियाँ. मॉरिशसमधील मराठी कुटुंबांच्या शेजारचे बेट आजही हेच नाव धारण करून आहे. तेथे कोणाची भेट झाली म्हणून ते पडलेले नाही.

माणसांच्या भेटीचा अर्थ इंग्रजीत ठळक झाला तो एकोणिसाव्या शतकात. सुरुवातीला फ्रेंच वळणाने कोणत्याही हौशी संध्याकाळच्या बैठकीला इंग्रज लोक रियुनियन म्हणत. मग ओळखीची, पूर्वी एकत्र असलेली आणि मध्यंतरी पांगलेली माणसे पुन्हा जमली तरच तो शब्द योग्य, असे ठरत गेले. फ्रेंच भाषेत उलट झाले. तेथे आज कचेरीतल्या रोजच्या मीटिंगलाही 'रेयुनियाँ' म्हणतात. म्हणजे फ्रेंचांनी त्यातला 'पुन्हा' गमावला आणि इंग्रजांनी 'एक'. एकाच घरातून निघालेल्या दोन भावांनी वडिलांची वेगवेगळी वस्तू हरवावी, तसे हे झाले.

अमेरिकेत या शब्दाला फार भावनिक वजन आले. 1861 ते 1865 या यादवी युद्धानंतर दोन्ही बाजूंचे सैनिक वर्षावर्षाने आपापले रियुनियन भरवू लागले. 1913 मध्ये गेटिसबर्गच्या लढाईला 50 वर्षे झाली, तेव्हा 50,000 हून अधिक वृद्ध सैनिक त्या रणभूमीवर जमले आणि एके काळच्या शत्रूंनी दगडी कुंपणावरून हात मिळवले. ते दृश्य खरोखर हृद्य होते. पण त्याच युद्धाने गुलामीतून मुक्त झालेल्या काळ्या लोकांचे रियुनियन वेगळे होते. विकून टाकलेली आई, हरवलेला भाऊ, लहानपणी तुटलेली मुलगी यांचा शोध घेण्यासाठी ते वर्तमानपत्रांत जाहिराती देत राहिले, युद्ध संपून कित्येक दशके लोटली तरी. त्यांतल्या बहुतेकांच्या हाती काही लागले नसावे. एका देशात, एकाच काळात, एकाच शब्दाखाली हे दोन प्रकार चालू होते. वर्तमानपत्रांत गौरव झाला तो मुख्यतः पहिल्याचा.

विसाव्या शतकात हा शब्द सरकारी कागदावर आला, आणि येथे यहुदी इतिहासाशी त्याचा थेट संबंध येतो. 1 ऑगस्ट 1975 रोजी हेलसिंकी येथे 35 राष्ट्रांनी एका करारनाम्यावर सह्या केल्या. त्यांत सोव्हिएत संघही होता. त्या करारनाम्यात माणसांच्या संबंधांविषयी एक भाग आहे, आणि त्यात दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत: नातेवाइकांच्या भेटीगाठी ही एक, आणि कुटुंबांचे पुन्हा एकत्रीकरण ही दुसरी. दुसरीसाठी 'रियुनिफिकेशन' हे रियुनियनचेच भावंड वापरले आहे. हा शब्दांचा कीस नव्हता. भेटीसाठी गेलेला मनुष्य परत येतो, एकत्रीकरणासाठी गेलेला परत येत नाही. सोव्हिएत यहुद्यांना देश सोडायचा असेल तर इस्राएलमधील नातेवाइकाचे आमंत्रणपत्र जोडून, कुटुंबात सामील व्हायचे आहे, या कारणाखाली अर्ज करावा लागे. कितीएकांना वर्षानुवर्षे नकार मिळाला. 1979 या एका वर्षात मात्र 50,000 हून अधिक यहुदी बाहेर पडले. आश्दोदमध्ये मराठी कुटुंबाच्या जिन्यासमोर राहणाऱ्या रशियन आजीबाईंना 'रियुनियन' म्हणजे काय ते विचारले, तर तिच्या डोळ्यांसमोर मेजवानी बहुधा येणार नाही, शिक्का मारलेला कागद येईल.

हिब्रू भाषेने हे दोन अर्थ वेगळ्या पेट्यांत ठेवले आहेत. सरकारी कुटुंब-एकत्रीकरणाला 'इहुद मिश्पाहोत' म्हणतात. 'इहुद' आणि 'एहाद' एकाच मुळाचे. 'एहाद' म्हणजे 'एक', आणि शेमा म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो तोंडपाठ आहे. म्हणजे लॅटिन 'उनुस'ने केले तेच येथे 'एहाद'ने केले. वर्गमित्रांच्या मेळाव्याला मात्र हिब्रूत 'पगिशात माहज़ोर' म्हणतात. 'पगिशा' म्हणजे भेट. 'माहज़ोर' म्हणजे एका सालाची तुकडी, पण मूळ अर्थ फेरा, आवर्तन. सणांच्या प्रार्थनेचे पुस्तक माहज़ोर असते ते त्याच अर्थाने, कारण सण दर वर्षी फिरून येतो. तरुणांनी ही जोडी लक्षात ठेवावी: इहुद एकदा होतो आणि टिकावा लागतो, पगिशा फिरून फिरून होते.

तोरामध्ये दोन्हींची उदाहरणे आहेत, आणि ती शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. याकोब 20 वर्षे लाबानाकडे राहून परत आला तेव्हा भाऊ एसाव समोर आला. दोघे गळ्यात पडले, रडले. त्याआधी याकोबाने शेळ्या-मेंढ्या, उंट, गाई असे कळप नजराणा म्हणून पुढे पाठवले होते. मराठीत या नजराण्यालाही भेट म्हणतात आणि गाठ पडण्यालाही भेट म्हणतात, तेव्हा हा प्रसंग जणू मराठीसाठीच घडला. पण पुढे काय झाले? एसाव सेईरला गेला, याकोब सुक्कोथला. दोघे एक झाले नाहीत, आणि त्यात कोणी दोष मानीत नाही. योसेफाची गोष्ट वेगळी. 22 वर्षांनी भावांनी त्याला ओळखले, बाप मिसरला आला आणि सारे कुटुंब गोशेन प्रांतात वस्तीला राहिले. हे खरे 'पुन्हा एक होणे'. मात्र त्यासाठी याकोबाला आपला देश सोडावा लागला, हेही विसरू नये.

मराठीत या सर्वांसाठी काय शब्द आहेत? 'पुनर्मीलन' हा रियुनियनचा पुस्तकी अनुवाद बरोबर आहे, पण तो लग्नपत्रिकेच्या भाषेसारखा वाटतो. स्वयंपाकघरात कोणी म्हणत नाही. 'स्नेहसंमेलन' शाळेचे, 'मेळावा' संस्थेचा. घरचे खरे शब्द दोनच, भेट आणि गाठ. 'त्याची माझी गाठ पडली' म्हणताना मराठी माणूस नकळत दोरीची गाठ आठवतो. गाठ मारली तरी दोन दोर दोनच राहतात, पण एक ओढला की दुसरा येतो. रियुनियनमध्ये दोघांचा एक होतो. गाठीत तसे होत नाही. परदेशी वसलेल्या समाजाला 'गाठ' हा शब्द अधिक नेमका बसतो, असे म्हणायला हरकत नाही.

वडीलधाऱ्या मंडळींना याचे कारण वेगळे सांगायला नको. जे लोक 1948 नंतर आले, त्यांना 'किब्बुत्झ गालुयोत', म्हणजे पांगलेल्यांचे एकत्र जमणे, हे शब्द पहिल्या दिवसापासून ऐकायला मिळाले. पण जमवणे आणि एक मानणे यांत अंतर होते. 1962 मध्ये बेने इस्राएलांच्या विवाहाआधी त्यांच्या वंशाची मागची चौकशी करावी, असा आदेश मुख्य रब्बीमंडळाकडून निघाला. समाजाने यरुशलेममध्ये निदर्शने केली, आणि ऑगस्ट 1964 मध्ये बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत, असे सरकारने संसदेत स्पष्ट केले. तोवर देशात येऊन दहा-पंधरा वर्षे झालेली माणसेही दारातच उभी असल्यासारखी होती. लुईच्या न्यायासनांत दुसऱ्याला न विचारता 'एक' म्हटले गेले. येथे एक म्हणून बोलावलेल्यांनाच पुन्हा पुरावा विचारला गेला.

भेटीची स्वतःची रीत या समाजाने कोकणातच घालून ठेवली होती. किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण. त्या दिवशी दार बंद, देवाशी बोलणे. दुसरा दिवस शिळा सण: गरिबांना दानधर्म आणि आप्तेष्टांच्या घरी भेटीगाठी. प्रार्थनेनंतर एकमेकांचे हात हातांत घेऊन बोटे ओठांना लावण्याची हातबोशीही त्याच जातीची. दर वर्षी दार लावायचे आणि दर वर्षी उघडून शेजाऱ्याकडे जायचे, हा तर सरळ माहज़ोरच झाला.

वर्गासाठी काम: शाळेचे जुने विद्यार्थी जमणे, आजारी मावशीला पाहायला मुंबईस जाणे, आणि मागे राहिलेला भाऊ कायमचा इकडे येणे, या तीन प्रसंगांना मराठीत व हिब्रूत कोणते शब्द वापराल ते लिहावे. शिवाय घरातील ज्येष्ठांना एक गोष्ट विचारावी. मराठीत निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. कायमचे निघताना, मुंबईच्या बंदरावर किंवा विमानतळावर, त्यांनी पोचवायला आलेल्यांना काय म्हटले होते?