सीलंट निघावे, रंग राहावा

पावसाळ्यापूर्वी माझ्या एका स्नेह्यांनी मोटारीच्या पुढच्या काचेभोवतीचे जुने, तडकलेले सिलिकोन सीलंट काढून नवे भरायचे ठरविले. गॅरेजमधील मुलाने थिनरचा बोळा घेऊन घासायला सुरुवात केली. सीलंट जागचे हलले नाही. बोळा मात्र तांबडा झाला! थिनरने अशी उलटी निवड का केली?

सीलंट आणि रंग ही दोन्ही बहुवारिके, म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचे पदार्थ. साखळ्या नुसत्या एकमेकींत गुंतलेल्या असल्या, तर योग्य द्रावकाचे रेणू मध्ये शिरून त्या सुट्या करतात, पदार्थ विरघळतो. पण साखळ्या जागोजाग आडव्या बंधांनी जोडलेल्या असल्या, तर त्यांचे एक जाळेच बनते. मग द्रावक आत शिरले तरी पदार्थ फुगतो, विरघळत नाही.

हे पाहायचे असेल, तर साध्या रबर बँडचा एक तुकडा मोजून मिनरल टर्पेंटाईनमध्ये रात्रभर ठेवा. (शिक्षकांसमोर, खिडकी उघडी ठेवून, जवळपास ज्योत नको.) सकाळी तो लांब आणि जाड झालेला दिसेल, पण असेल अखंड. रबरातील साखळ्या गंधकाने बांधलेल्या असतात. टर्पेंटाईन उडून गेले की तुकडा पुन्हा आखडतो.

हवेतील बाष्पाने घट्ट होणारे सिलिकोनही असेच जाळे. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंगसुद्धा जाळेच. परंतु आमच्या स्नेह्यांची गाडी पूर्वी ठोकली गेली होती आणि तो भाग गॅरेजमध्ये नायट्रोसेल्युलोज रंगाने रंगविला होता. हा रंग केवळ थिनर उडून गेल्याने सुकतो. आडवे बंध होत नाहीत. थिनर पुन्हा भेटले की तो पुन्हा पातळ! म्हणून कोणतेही द्रावक आधी त्याच पत्र्याच्या झाकलेल्या कडेवर पांढऱ्या फडक्याने लावून पाहावे. भाजलेला रंगदेखील थिनरमध्ये फार वेळ भिजला तर मऊ पडतो.

मग सिलिकोन काढायचे कसे? तापवून उपयोग नाही. ते सुमारे 200 अंश सेल्सियस सोसते, रंग त्याआधीच बिघडेल. पोलादी पातेही नको, कारण रंगाचे सारे थर मिळून जाडी जेमतेम 0.1 मिलिमीटर. प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने टोक उचलावे आणि पट्टी मागे दुमडून सावकाश सोलावी. सरळ वर ओढल्यास बल सगळ्या पृष्ठभागावर विभागले जाते. सोलताना ते एका रेषेवर एकवटते, म्हणून थोडक्यात भागते. मागे राहिलेल्या पातळ थरावर, रंगाला बाधत नाही अशी खात्री करून, टर्पेंटाईनचे फडके काही मिनिटे ठेवावे. थर फुगू पाहतो, पण त्याचा तळ पत्र्याला चिकटलेला. त्यामुळे सीमेवर ताण येतो आणि अंगठ्याने चोळताच त्याच्या वळ्या होऊन निघतात. काळे, कधीच न कडकणारे ब्युटिल सीलंट असेल तर गोष्ट सोपी: त्यात जाळे नसल्याने ते टर्पेंटाईनमध्ये सरळ विरघळते.

शेवटी साबणाने धुऊन जागेवर स्वच्छ पाण्याचा थेंब टाकावा. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 0.072 न्यूटन, तर सिलिकोनची पृष्ठ-ऊर्जा त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. म्हणून सिलिकोनवर थेंब गोळा होतो, पसरत नाही. अशा जागी नवे सीलंट नीट धरत नाही आणि नव्या रंगात बारीक खळगे पडतात. मेणाच्या पॉलिशवरही थेंब असाच गोळा होतो, तेव्हा आधी पॉलिश काढलेले असावे. नाहीतर नसलेल्या सिलिकोनपायी उगाच घासत बसाल.