घरातला उजेड कामाच्या जागी आणूया
(बैठकीतला अभ्यास : घराची मांडणी आणि दिवाबत्ती)



मागच्या पावसाळ्यात धरणाच्या काठावरच्या एका वाडीत गटाची बैठक होती. लावणी चाललेली, त्यामुळे सगळ्याजणी दिवस मावळल्यावरच जमल्या. खोलीच्या मधोमध एक दिवा. आम्ही सगळ्या भिंतीला टेकून बसलेल्या. सचिव ताई रजिस्टर लिहीत होत्या आणि दिवा त्यांच्या पाठीमागे. स्वतःचीच सावली वहीवर पडलेली. हिशोब जुळवायला गेलो तर ८० रुपये कमी! पेटी तीनदा मोजली. कोषाध्यक्ष मावशी तर रडायच्या बेतात आल्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक रुपया हलला नव्हता. शेवटी मोबाईलचा टॉर्च लावून वही बघितली. ११० लिहिलेले होते आणि आम्ही ते १९० वाचत होतो.

त्या रात्री घरी जाताना मी विचार करत होते. आपण बचत शिकलो, व्याज काढायला शिकलो, बँकेत बोलायला शिकलो. पण ज्या घरात हे सगळं करतो, तिथे आपल्या कामाच्या जागी उजेड आहे का, हे कधी बघितलंच नाही. म्हणून या अंकातला अभ्यास घराचा. यात सोफा नाही, पडदे नाहीत. फार खर्चाचंही काही नाही.

आधी आपलं घर बघा

एक दिवस नेहमीसारखंच काम करा, फक्त लक्ष ठेवा. सकाळी भाकरी कुठे थापता? भाजी कुठे चिरता? तांदूळ, नागली कुठे निवडता? मुलं अभ्यासाला कुठे बसतात? मशीन असेल तर ते कुठे आहे? आता बघा, घरातला सगळ्यात चांगला दिवा कुठे आहे.

मी बऱ्याच घरांत बघितलंय. चांगली ट्यूब पुढच्या खोलीत, टीव्हीजवळ. मागे चुलीपाशी धुरकटलेला एक दिवा, तोही उंच आढ्याला. पुढच्या खोलीत माणसं दोन तास बसतात. चुलीपाशी आपण सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास असतो. मग उजेड जास्त कुठे हवा? हा प्रश्न मी विचारते तेव्हा सगळ्याजणी हसतात. पण हसून झाल्यावर गप्प होतात.

आपल्या डोळ्यांसमोर घाटघरला २५० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प उभा आहे. इथल्या पाण्यावर वीज तयार होते. मग आपली भाकरी अंधारात का भाजायची?

जुनं घर अंधारं का होतं?

आपल्या आजी-पणजीला अक्कल नव्हती म्हणून घर अंधारं नव्हतं. कारवीचे कुड, शेणामातीचा लेप, खाली उतरलेलं छप्पर आणि लहानशी खिडकी. इथला पाऊस सरळ पडत नाही, पश्चिमेकडून झड मारतो. मोठी खिडकी ठेवली तर कुड भिजायचा. हिवाळ्यात गारठा. म्हणून घर बंद ठेवायचे. चुलीच्या धुराचाही उपयोग होता. आढ्याच्या लाकडाला कीड लागत नसे आणि चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसं टिकत. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, त्यांना पद्मश्री मिळाली. बियाणं जपणं हे घरातल्या बाईचंच काम होतं, हे त्यांच्यामुळे सगळ्यांना कळलं.

पण आता कुड जाऊन विटा आल्या, छपराच्या जागी पत्रा किंवा स्लॅब आला. भिंत भिजून पडायची भीती कमी झाली. खिडकी मात्र लहानच राहिली, आणि धूर तेवढाच. जुन्या घराचा अंधार आपण नव्या घरात घेऊन आलो, त्यामागचं कारण मात्र मागेच राहिलं.

दिवसाचा उजेड : हा फुकट आहे

पहिलं काम, भिंत पांढरी करा. काजळी धरलेली भिंत उजेड गिळून टाकते, पांढरी भिंत तो परत खोलीत फेकते. आधी केरसुणीने आणि ओल्या फडक्याने काजळी काढा. मग चुना रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर मीठ घालून दोन हात द्या. चुना डोळ्यात जाऊ देऊ नका, मुलांना लांब ठेवा. जमीन शेणाने सारवलेली असली तरी चालेल. खिडकीसमोरची भिंत आणि छताजवळचा भाग पांढरा असला तरी खूप फरक पडतो.

दुसरं, छपरातून उजेड. पत्र्याचं घर असेल तर एक पत्रा पारदर्शक टाकता येतो. कौलारू असेल तर दोन-तीन काचेची कौलं मिळतात. तीन गोष्टी सांभाळा. वरचा पत्रा खालच्यावर नीट चढलेला हवा, नाहीतर गळणार. झोपायच्या जागेवर तो नको, उन्हाळ्यात तापतो. आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत तोही पुसायचा. छपरावर चढणाऱ्याने पारदर्शक पत्र्यावर पाय ठेवायचा नाही, तो मोडतो.

तिसरं, खिडकी. मोठी खिडकी पूर्वेला किंवा उत्तरेला काढा. पश्चिमेला लहान आणि उंचावर, वर दीड-दोन फुटांचा छज्जा. म्हणजे झड आत येणार नाही. देशाच्या इमारत संहितेत खिडकीचं मापही सांगितलंय. कोरड्या गरम भागात जमिनीच्या एक दशांश, दमट गरम भागात एक षष्ठांश. दहा बाय आठचं स्वयंपाकघर म्हणजे ८० चौरस फूट. त्याला निदान ८ चौरस फूट खिडकी हवी. अडीच फूट रुंद आणि सव्वातीन फूट उंच. आता आपल्या चुलीपाशीचं भोक मोजून बघा!

धूर वर, गॅस खाली

धूर गरम असतो, तो वर जातो. म्हणून चुलीच्या वर, छताजवळ जाळी किंवा झरोका हवा. समोरून वारा आत येईल अशी खिडकी असली की धूर ढकलला जातो. गॅस घरात आला तरी अंघोळीचं पाणी आणि भाकरी आपण चुलीवरच करतो. ती चूल मागच्या पडवीत नेता आली तर सगळ्यात चांगलं.

सिलिंडरचा गॅस मात्र उलटा. तो हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडर उभा ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच ठेवा आणि दाराजवळ खालच्या बाजूलाही हवा जायला जागा ठेवा. सिलिंडर आणि पेटती चूल एका खोलीत नको. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, आधी रेग्युलेटर बंद करा आणि दारं उघडा.

दिवा कुठे लावायचा?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : दिवा आपल्या पाठीमागे नको.

खोलीच्या मध्यावर दिवा असतो, आपण भिंतीकडे तोंड करून ओट्यापाशी उभ्या राहतो. मग आपली सावली नेमकी विळीवर, पातेल्यात. तांदळातला खडा दिसत नाही, बोट कापतं. दिव्याला दोष देतो आणि जास्त वॅटचा आणतो. सावली आणखी काळी होते! तोच दिवा समोरच्या भिंतीवर, डोक्याच्या थोडं वर आणि शेगडीच्या बाजूला लावला तर लहान दिवाही पुरतो. डोळ्यांत उजेड येत असेल तर पुढे एक आडोसा लावा.

लिहिताना, शिवताना उजेड डाव्या बाजूने यावा. डावखुरी असेल तर उजव्या बाजूने. मुलांच्या अभ्यासालाही हेच. गटाच्या बैठकीत सचिव ताईंची जागा दिव्याखाली किंवा दिव्याकडे तोंड करून. आमच्या ८० रुपयांचा धडा हाच.

आता खर्च बघू. ९ वॅटचा एलईडी दिवा साधारण जुन्या ६० वॅटच्या गोळ्याएवढा उजेड देतो. रोज ५ तास लावला तर महिन्याला गोळा ९ युनिट खातो, एलईडी दीड युनिटसुद्धा नाही. एका दिव्यामागे साडेसात युनिट वाचले. घरात असे तीन दिवे असतील तर किती, ते तुम्हीच काढा. व्याज काढता, मग हेही येईलच.

वायरिंग स्वतः करू नका, जाणकार वायरमनकडूनच करून घ्या. एका होल्डरमधून चार जोड काढू नका. चुलीच्या वर वायर नको, ओल्या भिंतीला बोर्ड नको, अर्थिंग हवीच. बटण दाराशी, हात जाईल तिथे. रात्री लेकरू उठलं तर अंधारात चाचपडायला नको. पावसात वीज चार-चार तास जाते, म्हणून चार्जिंगचा किंवा सौर दिवा ठरलेल्या खिळ्यालाच टांगा.

मांडणी : पावलं मोजा

स्वयंपाकघरात तीन जागा महत्त्वाच्या : पाणी, चिरायची जागा आणि शेगडी. त्या जवळ-जवळ आणि ओळीने असल्या की फेऱ्या वाचतात. पाण्याचे हंडे दाराजवळ, म्हणजे भरलेला हंडा घरभर न्यायला नको. रोजचे डबे खांद्याच्या खाली, सणासुदीची भांडी वर. बियाणं कोरड्या, अंधाऱ्या, थंड जागी. त्याला उजेड नकोच.

ओट्याची उंची मिस्तरीच्या मापाने ठरवू नका. सरळ उभ्या राहा, कोपर वाकवा. ओटा कोपरापेक्षा चार बोटं ते वीतभर खाली असावा. फार खाली असला की कंबर धरते, फार वर असला की खांदे.

घरकुल मंजूर झालंय? मग हे आधी वाचा

एका ताईंचं घरकुल झालं. भिंती वर आल्यावर मी गेले. स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. मी विचारलं, "ताई, इथे खिडकी का नाही?" त्या म्हणाल्या, "मिस्तरीने ह्यांना विचारलं, हे म्हणले मागून पाऊस येतो, नको." मी विचारलं, "तुम्हाला कुणी विचारलं?" त्या म्हणाल्या, "मला कशाला विचारतील?"

घर कागदावर त्यांच्या नावावर होतं.

प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घर शक्यतो बाईच्या किंवा नवरा-बायकोच्या दोघांच्या नावावर देतात. घर कमीत कमी २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट असावं, आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली आहे. ठेकेदाराकडून नाही, लाभार्थ्यानेच घर बांधायचं असा नियम आहे. म्हणजे खिडकी कुठे, हे सांगायचा हक्क आपला आहे. भिंत झाल्यावर ती फोडायला खर्च येतो. जोत्यावर असताना सांगायला काहीच लागत नाही.

जोतं झालं की घरातल्या सगळ्यांना घेऊन आत जा. चुन्याने आखा : इथे ओटा, इथे खिडकी, इथे दार, इथे दिव्याचं बटण. ओट्याच्या जागी उभं राहून भाकरी थापायची नक्कल करा. हसतील, हसू द्या. घरधन्यालाही तिथे उभं करा, म्हणजे त्यांना पटेल. वास्तू बघणारे आग्नेयेला स्वयंपाकघर सांगतात. तिथे सकाळचं ऊन येतं, चांगलंच आहे. पण जागा लहान असली आणि दिशा जुळली नाही तरी खिडकी सोडायची नाही.

त्या ताईंनी नंतर मिस्तरीला बोलावून छताजवळ दोन जाळ्या बसवून घेतल्या आणि दिवा समोरच्या भिंतीवर आणला. खिडकी राहिलीच. "पुढच्या बाईला आधी सांगा," असं त्या म्हणाल्या. म्हणून सांगते आहे.

पाहुणे आणि काजवे

आपल्यातल्या बऱ्याचजणी पर्यटकांना जेवण देतात, खोल्या देतात. खोलीत उशाशी एक लहान पिवळसर दिवा, आरशाच्या समोर न येता बाजूने उजेड, आणि मोरीच्या वाटेवर खाली बघणारा दिवा. एवढं केलं तरी पाहुणा खूश.

अंगणात मात्र मोठे फोकस नकोत. मे महिन्याच्या शेवटी आणि मृगाच्या आसपास हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ काजव्यांनी लखलखतात. तो त्यांचा एकमेकांना बोलवायचा इशारा. आपल्या फोकसमध्ये तो इशारा दिसत नाही, जोडी जमत नाही, पुढच्या वर्षीचे काजवे कमी होतात. लोक लांबून काजवेच बघायला येतात, आपला फोकस नाही. त्या दिवसांत बाहेरचे दिवे लहान, झाकलेले ठेवा आणि जेवणं झाली की बंद करा.

पुढच्या बैठकीत करायचं

१. प्रत्येकीने घराचा साधा नकाशा काढून आणा. दिवे, खिडक्या आणि आपली कामाची जागा दाखवा. लिहिता येत नसेल तर जमिनीवर रांगोळीने काढा.
२. पाठीमागे दिवा असलेल्या किती घरं निघाली ते मोजा.
३. प्रत्येकीने एकच बदल निवडा : चुना, दिव्याची जागा, झरोका किंवा पारदर्शक पत्रा. खर्च विचारून या.
४. कुणाचं घरकुल जोत्यावर आहे का? दोघी-तिघींनी मिळून बघायला जा.
५. महिन्याने काय फरक पडला ते रजिस्टरमध्ये लिहा.

आणि हो, लिहिणारीला दिव्यापाशी बसवा!

तुमची,
क्षेत्र समन्वयक, भंडारदरा विभाग