आरोग्यपाठ : मधुमेहाची पाठशाळा म्हणजे घर

मधुमेह आपल्या परंपरेस अपरिचित नाही. सुश्रुताचार्यांनी प्रमेहाचे दोन भेद सांगितले : एक सहज, म्हणजे जन्माबरोबर येणारा, दुसरा अपथ्याने जडणारा. हा रोग केवळ शहरातील सुखवस्तू लोकांचा, हा समज मात्र आता सोडावयास हवा. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे 10 कोटी मधुमेही असून ग्रामीण भागात शंभर प्रौढांपैकी जवळजवळ नऊजणांस तो आहे.

वैद्य रोग्यास घटकाभर पाहतो. उरलेला सर्व काळ रोगी घरीच असतो. म्हणून जे शिकावयाचे ते घरातील सर्वांनी शिकले पाहिजे. रोजंदारी बुडवून जसोंडीहून बुऱ्हाणपूरला जाणे ज्या कुटुंबास जड जाते, त्यास तर ही शिकवण दारीच मिळावयास हवी. असे घडू शकते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1995 पासून गावातील स्त्रियांस शिकवून नवजात बालकांची शुश्रूषा घरोघरी पोहोचविली आणि बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले. आज आशा कार्यकर्ती तिशीपुढील व्यक्तींची घरी येऊन चौकशी करते. तिला उंबऱ्यावरून परत धाडू नये.

आता पाठ पाहू.

तपासणी : आरंभी रोगाची लक्षणे बहुधा दिसत नाहीत. उपाशीपोटी रक्तातील साखर दोनदा 126 वा अधिक आढळल्यास मधुमेह समजतात.

आहार : रोग्याचे ताट वेगळे मांडू नये, सर्व घरानेच डाळ, भाज्या वाढवाव्यात, साखर व मैदा कमी करावा. केळीच्या मुलखात केळे सर्वथा वर्ज्य नव्हे. प्रमाण वैद्यास विचारावे.

पाय : पायांची संवेदना मंदावल्यास काटा रुतलेला कळत नाही. रोज रात्री तळवे पाहावेत व शेतात अनवाणी जाऊ नये. दुर्लक्षित जखमेमुळे पाय गमवावा लागतो.

साखर उतरणे : औषध घेणाऱ्यास घाम, थरथर, भ्रम झाल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्धास तोंडाने काहीही न देता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

इन्सुलिन : शीतकपाट नसल्यास दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून आतील मडक्यात, पाणी न लागेल अशा बेताने, झाकून ठेवावे.

उपवास : औषध चालू असता वैद्यास विचारल्यावाचून एकादशी करू नये. साबुदाणाही अखेर पिष्टच होय. आरोग्यासाठी उपवास सोडल्याने भक्तीस उणेपणा येत नाही.

रोग लपविणे व रोग्यास दोष देणे, ही दोन्ही अपथ्येच समजावीत. प्रत्येक सदस्य-कुटुंबाने हा पाठ घरी मोठ्याने वाचावा आणि ज्या शेजाऱ्यास वाचता येत नाही, त्याच्या ओसरीवर बसून तो समजावून द्यावा. तीही सेवाच होय.