अभिप्रायार्थ आलेल्या प्रतींची व्यवस्था

नियतकालिकांनी परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती मागवाव्यात, एक परीक्षकाकडे रवाना करावी आणि ज्यांचे परीक्षण होणे नाही त्यांची ‘साभार पोच’ या सदरात नोंद करून मोकळे व्हावे, हा आपल्याकडील जुना रिवाज आहे. परंतु परीक्षकाच्या घरी साचत जाणाऱ्या नकोशा प्रतींची पुढे काय तजवीज लावावी, याचा विचार क्वचितच होतो. नाशिक जिल्ह्यातील एका लहानशा ग्रामीण वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असताना हा प्रश्न मला घेणाऱ्याच्या बाजूने पाहावयास मिळाला.

शहरातील एका परीक्षकांनी निःसंशय उदार हेतूने, पण पूर्वसूचना न देता, अशा पुस्तकांची पोती आमच्याकडे पाठविली. ग्रंथपालांनी भिडेखातर ती सर्व दाखल नोंदवहीत चढविली. एकदा दाखल क्रमांक पडला की पुस्तक संस्थेच्या मालमत्तेत जमा होते, पडताळणीच्या वेळी ते हजर दाखवावे लागते, आणि कमी करावयाचे तर ठराव करून रीतसर निर्लेखनाचा मार्ग धरावा लागतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमान्वये मान्यता व अनुदान घेणाऱ्या संस्थेस दप्तरात हयगय परवडत नाही. कोणी न मागितलेल्या त्या ग्रंथांना जागा करून देण्यासाठी मुलांची पुस्तके फळीवरून उतरून खोक्यात गेली, याचे दुःख मला आजही आहे.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की आधी ग्रंथपालास यादी पाठवावी, त्याने खुणा केलेली पुस्तकेच द्यावीत आणि उरलेल्यांसाठी गळ घालू नये. प्रत्येक ग्रंथ आपणच जपला पाहिजे, या ओझ्याखालीही राहू नये; १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य नियत ग्रंथालयांस प्रत पाठविणे बंधनकारक असल्यामुळे जतनाची जबाबदारी मुळात तिकडे आहे. आपल्यापुढचा प्रश्न वाचकाचा आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाचे मला मोल वाटते ते याचसाठी: २००९ साली नाशकात सुरू झालेल्या या योजनेत निवडक पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत, अगदी कारागृहातील बंदिजनांपर्यंतही, पोहोचल्या. येथे निवड हाच प्राण आहे, आणि ती निवड आपल्या हातून सुटलेल्या ढिगाऱ्यातून आपोआप होत नाही.

प्रकाशनापूर्वी चाळण्यासाठी आलेली कच्ची प्रत मात्र कोणत्याही वाचनालयास देऊ नये, विकूही नये. तीत न सुधारलेले पाठ असतात आणि लेखकाने पुढे गाळलेले वाक्य त्याच्याच नावावर फिरत राहते. प्रेषकास विचारून ती परत करावी अथवा नष्ट करावी. लेखकाने स्वहस्ते नाव घालून दिलेली प्रत रद्दीत घालणे तर मला सर्वथा अनुचित वाटते. आपल्याकडे कित्येक कवी पदरमोड करून संग्रह छापतात, त्यांना एखादी प्रत परत मिळणेही मोलाचे असते. परीक्षण होणार नसेल तर तसे पत्राने विनाविलंब कळवावे, आणि प्रत परत हवी की कोणा वाचकाला द्यावी, हे त्याच पत्रात विचारावे.