पश्चिमेकडील भिंतीस वेलींचें आच्छादन

घराची दुरुस्ती काढली म्हणजे आपण छपर, दारें व गिलावा एवढ्यांचाच विचार करतों. परंतु जी भिंत उन्हाळ्यांत दुपारभर ऊन खाते व तीच उष्णता रात्रीं माजघरांत सोडते, त्या पश्चिमेकडील भिंतीकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

अशा भिंतींवर वनस्पतींचें जिवंत आच्छादन घालण्याचे प्रयोग उष्ण देशांत झाले आहेत. सिंगापूर येथील हॉर्टपार्क उद्यानांत आठ निरनिराळ्या रचना उभारून घेतलेलीं मोजमापें २०१० सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांत आच्छादित भिंतीचा पृष्ठभाग उघड्या भिंतीपेक्षां जास्तींत जास्त सुमारें ११ अंश सेंटिग्रेडनें थंड आढळला. पानांची सावली आणि पानांतून वाफेच्या रूपानें निघून जाणारें पाणी हीं त्याचीं कारणें होत. खोलींतील हवा मात्र तितकी थंड होत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

पॅरिस येथील के ब्रान्ली संग्रहालयाच्या भिंतीवर पात्रिक ब्लां या वनस्पतिशास्त्रज्ञानें मातीवांचून झाडें वाढविलीं आहेत. काम प्रेक्षणीय खरें. पण त्यास नळ्यांनीं वरचेवर पाणी व खत द्यावें लागतें. ज्या गांवीं चैत्रांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथें हा प्रकार करूं नये.

प्रस्तुत लेखकानें नोकरींतून मोकळा झाल्यावर, खर्च वांचावा म्हणून, मुळांनीं चिकटून चढणारी शोभेची वेल थेट विटांच्या जुन्या भिंतीवर सोडली. दोन उन्हाळे सुखाचे गेले. तिसऱ्या पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटले, व पानांआडून वर चढलेली वाळवी वाशांपर्यंत पोंचली. वेल ओढून काढतांना उरलासुरला गिलावाही हातीं आला. सुतार व गवंडी यांस काय द्यावें लागलें, तें येथें लिहिण्यांत अर्थ नाहीं.

म्हणून वेल भिंतीस टेकूं देऊं नये. वीतभर अंतर सोडून जाड तारा ताणाव्या, किंवा बांबूच्या कामट्यांची ताटी उभी करावी. या पोकळींतून हवा खेळून ओल वाळते. वाळवीची माती चढूं लागल्यास ती दिसते व झाडून पाडतां येते. वेलीचा खड्डा जोत्यापासून दोन हात दूर घ्यावा, आणि ताटी वळचणीच्या हातभर खालींच थांबवावी.

मधुमालती व कृष्णकमळ दाट वाढतात. घेवडा मात्र सावलीची गरज लागते तेव्हांच वाळून जातो. आमच्या घरांतील मंडळींनीं तोंडलीचा आग्रह धरला, व तोच बरोबर ठरला. ही वेल वर्षानुवर्षें टिकते, छाटापासून लागते, आणि भाजीही देते. थंडींत तिची वाढ मंदावते, त्या वेळीं छाटणी करून शेणखत घालावें. पाण्याकरितां आम्हीं न्हाणीचें सांडपाणी लहानशा पाटानें तिच्या बुडाशीं नेलें आहे. धुण्याचें साबणाचें पाणी तेवढें निराळें काढलें आहे.