उपाशी बाप

प्रश्न : इमूची मादी अंडी घालून निघून जाते आणि नरच ती उबवतो, हे खरे का?

उत्तर : अगदी खरे. ऑस्ट्रेलियातल्या हिवाळ्यात नर सुमारे 8 आठवडे गडद हिरव्या, खरबरीत अंड्यांवर बसतो, तेही जवळजवळ उपाशी, आधी साठवलेल्या चरबीवर. त्याचे वजन एक तृतीयांशापर्यंत घटते. मादी मात्र दुसऱ्या नराशी जोडी जमवायला मोकळी. यात नर फसला, असे कुणी म्हणेल. जनुकीय तपासणीत घरट्यातली कित्येक पिल्ले परक्या नराची निघतात, हेही खरे. तरी त्याला भोळा म्हणणे मला पटत नाही. अंडी पाच असोत की दहा, उपवास तेवढाच. त्यातली काही स्वतःची असली तरी तो सार्थकी लागतो, आणि सोबत परकी पिल्ले असली की शिकाऱ्याची झडप नेमकी आपल्याच पिल्लावर पडण्याची शक्यता कमी होते.